खांद्याच्या इजा व संधिदर्शक शस्त्रक्रिया : एका ऐतिहासिक क्रमाची फेरतपासणी

शस्त्रवैद्यकाच्या इतिहासाची मांडणी बहुधा एका सरळ रेषेत केली जाते. प्रथम अज्ञान, नंतर मोठी व यातनामय शस्त्रक्रिया आणि अखेरीस अल्पछेदाची, सुसह्य शस्त्रक्रिया, असा तो क्रम असतो. खांद्याच्या उपचारांचा इतिहासही ह्याच साच्यात घालण्याची प्रथा पडून गेली आहे. प्राचीन काळी सांधा बसविणारे वैद्य, विसाव्या शतकात खांदा उघडून शिवणारे शल्यविशारद, आणि १९८० नंतर सुमारे चार मिलिमीटर जाडीच्या नळीतून तेच काम करणारे त्यांचे वारस, अशी ही परंपरा सांगितली जाते. ह्या मांडणीत तपशिलाची चूक फारशी नाही. चूक आहे ती तिच्या गृहीतांत. जखम लहान झाली म्हणजे उपचार सुधारला, आणि सांध्याचा अंतर्भाग डोळ्यांना दिसू लागला म्हणजे दुखण्याचे कारण कळले, ही दोन गृहीते तिच्या मुळाशी आहेत. त्यांची तपासणी करावी ह्या हेतूने प्रस्तुत निबंधात खांद्याच्या दोन सर्वपरिचित विकारांचा इतिहास शेजारी शेजारी ठेवून पाहिला आहे. पहिला विकार वारंवार निखळणाऱ्या खांद्याचा; दुसरा, खांद्याच्या माथ्यावर हाताला लागणारे जे हाड, म्हणजे अंसकूट, त्याच्या खालून जाणाऱ्या कंडरांच्या दुखण्याचा. एकाच उपकरणाने ह्या दोहोंत अगदी भिन्न फळे दिली, आणि हा भेदच आपल्या विवेचनाचा विषय होय.

सांध्याच्या रचनेविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. प्रगंडास्थीचे, म्हणजे दंडाच्या हाडाचे, गोल टोक मोठे आणि अंसफलकावरील त्याची खोबण लहान व उथळ, असा हा विषम संसार आहे. उथळ बशीत मोठा चेंडू ठेवावा तसा. ह्या उथळपणामुळेच हात सर्व दिशांना फिरतो, आणि त्यामुळेच मोठ्या सांध्यांपैकी खांदा सर्वांत अधिक वेळा निखळतो. खोबणीच्या कडेला कूर्चासदृश तंतुमय ओठ असतो; तो तिला किंचित खोली देतो. चार स्नायूंच्या कंडरा एकत्र येऊन हाडाच्या टोकाभोवती जणू एक बाही तयार करतात, आणि ती त्याला खोबणीत दाबून धरते. पुढच्या बाजूचा ओठ उखडला तर खांदा पुनःपुन्हा निसटतो. वरच्या बाजूची कंडरा झिजली किंवा फाटली तर हात वर उचलताना वेदना होते, रात्री त्या कुशीवर निजता येत नाही. शिवाय अक्षकास्थीचे, म्हणजे गळ्याजवळील आडव्या हाडाचे, भंग आणि गोठलेला खांदा हे विकार आहेतच. परंतु त्यांचा येथे विस्तार केलेला नाही.

निखळलेला खांदा बसविण्याची विद्या फार जुनी आहे. ईजिप्तमध्ये देर एल-मदीना येथील इपुय नावाच्या शिल्पकाराच्या थडग्यात, इ. स. पू. १२०० च्या सुमारास काढलेल्या एका चित्रात, एक मनुष्य दुसऱ्याचा हात धरून खांदा बसवीत असावा असे दिसते. चित्रावरून वैद्यकीय कृतीचा निश्चय करणे जोखमीचे असते. म्हणून ह्या पुराव्यावर अधिक भार टाकू नये. हिपॉक्रटीसच्या नावावर असलेल्या सांध्यांवरील ग्रंथात मात्र संदिग्धतेला जागा उरत नाही. रुग्णाच्या काखेत टाच रोवून हात ओढणे, रुग्णाला शिडीच्या पायरीवर लोंबकळत ठेवणे, काखेखाली मऊ वस्त्राने गुंडाळलेले मुसळ लावून हाड उचलणे, अशा अनेक रीती तेथे सविस्तर सांगितल्या आहेत. आता सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानातील भग्नचिकित्सेचा अध्याय पाहावा. अंससंधी सुटला असता मुसळाने काख वर उचलावी आणि सांधा जागी बसल्यावर स्वस्तिकबंध बांधावा, असा उपदेश तेथे आहे. सुटलेल्या सांध्यांचे उत्पिष्ट, विश्लिष्ट इत्यादी सहा प्रकार निदानस्थानात आधीच दिलेले आहेत. मुंबईच्या निर्णयसागर मुद्रणालयाने डल्हणाच्या टीकेसह हा ग्रंथ प्रसिद्ध केल्यापासून तो आपल्याकडील अभ्यासकांना सुलभ झालेला आहे.

ग्रीसमध्येही मुसळ आणि भारतातही मुसळ, हे साम्य पाहून कोणी कोणाकडून घेतले ह्याची चर्चा सुरू करण्याचा मोह अनेकांना होतो. तो आवरलेला बरा. जेथे धान्य कांडले जाते तेथे घरोघर मुसळ असते. काखेची पोकळी आणि मुसळाचे गोलाई घेतलेले टोक ह्यांचा मेळ कोणाही चतुर वैद्याच्या ध्यानात येण्यासारखा आहे. समान शरीर आणि समान संसारोपयोगी वस्तू एवढ्यावरच ह्या साम्याची उपपत्ती पुरेशी लागते.

हिपॉक्रटीसच्या ग्रंथातील दुसरी एक गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. खांदा बसविला तरी तो पुन्हा पुन्हा निखळतो, अशा रुग्णांचा एक स्वतंत्र वर्ग तेथे ओळखलेला आहे, आणि त्यांच्या काखेत तापलेल्या बारीक लोहशलाकांनी डाग द्यावे असे सांगितले आहे. हाड ज्या दिशेने निसटते त्या दिशेची जागा व्रणाच्या आकुंचनाने बंद व्हावी, हा त्यामागील विचार. इतर वैद्य भलत्याच जागी डाग देतात, म्हणजे ज्या बाजूने हाड निसटत नाही ती बाजू आवळतात आणि निसटण्याची वाट तशीच मोकळी ठेवतात, अशी टीकाही ग्रंथकाराने केली आहे. उपाय अघोरी खरा. परंतु विकाराची जागा कोणती आणि उपाय नेमका त्याच जागी होतो आहे काय, हा प्रश्न येथे प्रथम स्पष्टपणे विचारला गेला. पुढील सर्व इतिहास ह्याच प्रश्नाभोवती फिरतो.

मधल्या शतकांत ह्या विद्येत मूलभूत भर पडली असे म्हणता येत नाही. १८४६ नंतरची भूल, लिस्टरची जंतुनाशक पद्धती आणि १८९५ मधील क्ष-किरणांचा शोध ह्यांनी परिस्थिती पालटली. बर्नचे थिओडोर कोखर ह्यांनी खांदा बसविण्याची आपली रीत १८७० मध्ये प्रसिद्ध केली. १८९० मध्ये ब्रोका व हार्टमन ह्या फ्रेंच शल्यविशारदांनी खोबणीच्या पुढील कडेपासून सुटलेल्या आवरणाचे वर्णन केले आणि १९०६ मध्ये जर्मनीत पेर्थेस ह्यांनी तो भाग पुन्हा हाडाशी जोडण्याची शस्त्रक्रिया वर्णिली. तथापि ह्या विकाराला नाव मिळाले ते लंडनच्या ब्लंडेल बँकार्ट ह्यांचे. त्यांचे दोन निबंध १९२३ आणि १९३८ मध्ये प्रसिद्ध झाले. खांदा वारंवार निखळण्याचे मूळ आवरणाच्या सैलपणात नसून पुढच्या ओठाच्या उखडण्यात आहे, आणि उपाय त्याच ठिकाणी झाला पाहिजे, असे त्यांनी ठासून सांगितले. हिपॉक्रटीसचाच युक्तिवाद, परंतु आता प्रत्यक्ष शरीररचनेच्या आधारावर. नामकरणाचा मान नेहमी प्रथम पाहणाऱ्याला मिळत नाही. पुष्कळदा तो आग्रहाने सांगणाऱ्याला मिळतो.

कंडरांच्या दुखण्याचा इतिहास बॉस्टन येथील अर्नेस्ट अ‍ॅमरी कॉडमन (१८६९–१९४०) ह्यांच्यावाचून सांगता येणार नाही. फाटलेल्या कंडरेच्या शस्त्रक्रियेवरील त्यांचा निबंध १९११ चा. ‘द शोल्डर’ हा मोठा ग्रंथ त्यांनी १९३४ मध्ये स्वखर्चाने प्रसिद्ध केला. ‘गोठलेला खांदा’ ही संज्ञा त्यातूनच रूढ झाली. परंतु कॉडमन ह्यांचे खरे वेड निराळेच होते. शस्त्रक्रिया केलेल्या प्रत्येक रुग्णाचा पुढे पुरेसा काळ मागोवा घ्यावा, तो बरा झाला की नाही हे नोंदवावे, झाला नसल्यास का झाला नाही हे लिहावे आणि हे सर्व लोकांपुढे मांडावे, असे त्यांचे म्हणणे होते. ह्या कल्पनेस त्यांनी ‘अंतिम परिणाम’ असे नाव दिले. शल्यविशारदांना ज्येष्ठतेनुसार बढती न देता त्यांच्या रुग्णांच्या परिणामांनुसार द्यावी, असा आग्रह धरून त्यांनी १९१४ मध्ये मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमधील पदाचा राजीनामा दिला. पुढल्या वर्षी एका वैद्यकसभेत त्यांनी नगरातील वैद्यकव्यवसायाची टर उडविणारे मोठे व्यंगचित्र उघड केले आणि पुष्कळ मित्र गमावले. स्वतःच्या छोट्या रुग्णालयातील १९११ ते १९१६ ह्या काळातील ३३७ रुग्णांच्या उपचारांत १२३ चुका झाल्या, हेही त्यांनी छापून प्रसिद्ध केले. अशा माणसाविषयी त्याच्या काळाने अनादर दाखविला ह्यात नवल नाही.

ह्याच सुमारास जगाच्या दुसऱ्या टोकाला सांध्याच्या आत डोकावण्याचा उद्योग सुरू झाला होता. शरीरातील पोकळी पाहण्याची कल्पना १८०६ मधील बोत्सिनी ह्यांच्या प्रकाशवाहक यंत्रापर्यंत मागे नेता येते. नित्से ह्यांचा मूत्राशयदर्शक १८७० नंतरच्या दशकातला. १९१२ मध्ये बर्लिन येथील शल्यविशारदांच्या परिषदेत डेन्मार्कचे सेव्हेरीन नॉर्डेन्टॉफ्ट ह्यांनी गुडघ्यात नळी घालून पाहण्याविषयी निवेदन केले. १९१८ मध्ये तोक्यो विद्यापीठातील केंजी ताकागी ह्यांनी मूत्राशयदर्शकाने शवाच्या गुडघ्याचा अंतर्भाग पाहिला. ताकागींना ह्याची निकड का वाटली हे पाहण्यासारखे आहे. गुडघ्याचा क्षय त्या काळी सर्वत्र आढळणारा. त्याचा शेवट पुष्कळदा सांधा ताठ होण्यात होई. खुर्चीवर बसणाऱ्या समाजात ताठ गुडघ्याने कसेबसे निभते. जमिनीवर गुडघे मुडपून बसणाऱ्या जपानी समाजात तो मनुष्य पंगतीतून उठल्यासारखाच होतो. म्हणून रोग प्राथमिक अवस्थेतच ओळखणे तेथे अधिक मोलाचे होते. उपकरणांचा इतिहास लिहिणारे प्रकाश, काच आणि धातू ह्यांचा हिशेब मांडतात; बसण्याच्या रीतीचा मांडत नाहीत.

ताकागींचे शिष्य मासाकी वातानाबे ह्यांनी हे काम तडीस नेले. १९५७ मध्ये त्यांचा संधिदर्शनाचा चित्रसंग्रह प्रसिद्ध झाला. त्यानंतर लवकरच त्यांचा एकविसाव्या क्रमांकाचा संधिदर्शक तयार झाला, आणि १९६२ मध्ये त्याच्या साहाय्याने गुडघ्यातील फाटलेल्या अर्धचंद्राकृती कूर्चेचा भाग त्यांनी काढला. टोकाशी लहानसा दिवा असलेले हे यंत्र नाजूक होते. दिवा सांध्यातच फुटण्याचे भय असे. १९६४ मध्ये टोरोन्टोचे रॉबर्ट जॅक्सन तोक्योस आले, वातानाबेंपाशी ही विद्या शिकले आणि ती त्यांनी उत्तर अमेरिकेत नेली. दिव्याची अडचण दूर झाली ती काचतंतूंमुळे. प्रकाश बाहेर निर्माण करून तंतूंच्या जुडग्यातून आत न्यावयाचा, ह्या पद्धतीचा पाया घालणाऱ्यांत पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी हे होते. हॅरॉल्ड हॉपकिन्स ह्यांच्यासमवेत लंडनमध्ये केलेले त्यांचे काम १९५४ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाले. मराठी भाषेने ह्या सर्व यंत्रांना ‘दुर्बीण’ असे एकच नाव देऊन टाकले आहे. दूरचे दाखविणारी वस्तू ती दुर्बीण, आणि येथे तर बोटभर अंतरावरचे पाहावयाचे. तरी ‘दुर्बिणीचे ऑपरेशन’ हा प्रयोग आता इतका रुळला आहे की त्यास आक्षेप घेणे व्यर्थ होय.

न्यूयॉर्कचे मायकेल बर्मन ह्यांनी शवांच्या निरनिराळ्या सांध्यांत नळी घालून केलेली पाहणी १९३१ मध्येच प्रसिद्ध केली होती आणि तीत खांद्याचाही समावेश होता. असे असता प्रत्यक्ष खांद्याची संधिदर्शक शस्त्रक्रिया रूढ होण्यास आणखी अर्धशतक का लागले? कारण साधे, यांत्रिक आहे. गुडघ्याच्या वर मांडीस पट्टा आवळून रक्तप्रवाह थांबविता येतो आणि सांध्यातील पाणी स्वच्छ राहते. खांद्याच्या वर पट्टा आवळावयास जागाच नाही. रक्ताचा एक थेंब दृष्टी गढूळ करतो. शिवाय खांद्यावर स्नायूंचा जाड थर असतो. सांध्यात मीठपाणी दाबाने खेळते ठेवणारे पंप, ऊती खरवडणारी यांत्रिक हत्यारे आणि रक्तस्राव जागच्या जागी थांबविणारी विद्युत्-साधने आल्यावरच हे काम सुकर झाले. दुसरे एक साधन होते कॅमेरा. पूर्वी शस्त्रक्रिया करणारा एकटाच नळीला डोळा लावून पाही. कॅमेऱ्यामुळे तेच दृश्य पडद्यावर साऱ्या खोलीला दिसू लागले. कला शिकविण्याजोगी झाली, आणि तितकीच प्रदर्शनीयही झाली. १९८० नंतर तिचा जो झपाट्याने प्रसार झाला त्यात ह्या पडद्याचा वाटा मोठा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

आता पहिला विकार घेऊ. बँकार्ट ह्यांच्या खुल्या शस्त्रक्रियेच्या दीर्घकालीन परिणामांचा अहवाल कार्टर रो आणि त्यांचे सहकारी ह्यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केला. मागोवा घेतलेल्या १४५ खांद्यांपैकी ३.५ टक्केच पुन्हा निखळले होते. ह्या निबंधाच्या शीर्षकात ‘अंतिम परिणाम’ हे शब्द आहेत, आणि रो हे कॉडमन ह्यांनी सोडलेल्या त्याच रुग्णालयात काम करीत होते. अल्पछेदाच्या शस्त्रक्रियेस अशा रीतीने आरंभीच एक कठोर मापदंड मिळाला. लॅनी जॉन्सन प्रभृतींनी उखडलेला ओठ धातूच्या खिळ्यांनी ठोकून बसविण्याची रीत काढली; खांदे पुन्हा निखळण्याचे प्रमाण खुल्या शस्त्रक्रियेपेक्षा पुष्कळ अधिक निघाले आणि सैल झालेले खिळे कूर्चेस ओरबाडू लागले. मग हाडातून आरपार टाके घालण्याची पद्धत आली, आणि पुढे दोरा जोडलेली सूक्ष्म खुंटी हाडात रोवून तिला ओठ बांधण्याची. प्रत्येक टप्प्यावर अपयश नजरेस येत होते. ह्याचे कारण असे की खांदा पुन्हा निखळला की ती घटना लपत नाही. रुग्णाला कळते, वैद्याला कळते.

२००० साली बर्कहार्ट व डी बीअर ह्यांनी अशा १९४ शस्त्रक्रियांचा जो तपास मांडला तो ह्या शाखेतील कळसाचा होय. ज्यांच्या हाडाची मोठी हानी झालेली नव्हती त्यांच्यात खांदा पुन्हा निखळण्याचे प्रमाण ४ टक्के होते. खोबणीची कड किंवा प्रगंडास्थीचे टोक बरेच झिजलेल्यांत ते ६७ टक्के होते. म्हणजे दोष नळीचा नव्हता, निवडीचा होता. हाड नसताना ओठ शिवून काय उपयोग? अशा रुग्णांसाठी लाटार्जे ह्यांनी १९५४ मध्ये सांगितलेली, जवळच्या अस्थिप्रवर्धाचा तुकडा खोबणीच्या कडेला बसविण्याची जुनी खुली शस्त्रक्रिया पुन्हा मानास चढली. २००७ मध्ये फ्रान्सच्या लाफॉस ह्यांनी तीही संधिदर्शकाने करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. सरळ रेषेचा इतिहास सांगणाऱ्यास येथे रेषा मागे वळलेली दिसेल.

दुसऱ्या विकाराची कथा वेगळी आहे. कंडरा फाटते ती बहुधा आपल्याच झिजेमुळे, असे कॉडमन ह्यांचे मत होते. १९७२ मध्ये न्यूयॉर्कचे चार्ल्स नीर ह्यांनी वेगळी उपपत्ती मांडली. हात वर उचलताना अंसकूटाच्या पुढील कडेखाली कंडरा घासली जाते व झिजते. म्हणून ती कड तासून काढावी. त्यांनी १०० अंसफलकांची पाहणी केली होती आणि शस्त्रक्रिया केली होती ती अवघ्या ५० खांद्यांवर, तीही निवडक रुग्णांवर. उपपत्ती चित्रासारखी स्वच्छ होती : वर हाड, खाली कंडरा, मध्ये घर्षण. हार्वर्ड एलमन ह्यांनी हेच काम संधिदर्शकाने केल्याचे परिणाम १९८७ मध्ये प्रसिद्ध केले. नळीतून कंडरेवरील विस्कटलेले तंतू दिसत, हाडाची खरखरीत कड दिसे, ती तासल्यावर गुळगुळीत झालेलीही दिसे. दिसण्याने उपपत्तीला जणू साक्षीदार मिळाला. इंग्लंडमध्ये २००० च्या सुमारास वर्षाला २,५२३ असलेल्या ह्या शस्त्रक्रिया २०१० पर्यंत २१,३५५ वर गेल्या.

पुष्कळ रुग्णांना बरे वाटत होते, हे निर्विवाद. परंतु कशाने? १९९३ मध्येच नॉर्वेच्या ब्रॉक्स व सहकाऱ्यांनी देखरेखीखालील व्यायामाने शस्त्रक्रियेइतकाच गुण येतो असे दाखविले होते; त्याकडे फारसे लक्ष दिले गेले नाही. अखेर ब्रिटनमधील ३२ रुग्णालयांतील ३१३ रुग्णांची तीन गटांत यदृच्छेने वाटणी करून परीक्षा घेण्यात आली. एका गटात हाड तासले. दुसऱ्यात नुसती नळी घालून पाहिले, तासले काहीच नाही. तिसऱ्यात कोणताच उपचार केला नाही. निष्कर्ष २०१७ च्या अखेरीस ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केला. हाड तासलेल्यांत आणि नुसते पाहिलेल्यांत फरक आढळला नाही. उपचार न केलेल्यांपेक्षा दोन्ही गट किंचित सरस होते, पण तो फरक रुग्णाच्या दृष्टीने अर्थपूर्ण ठरण्याइतका नव्हता. २०१८ मध्ये फिनलंडमधील २१० रुग्णांच्या परीक्षेतही हाड तासल्याने नुसत्या पाहण्यापेक्षा अधिक गुण आल्याचे दिसले नाही. २०१९ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’च्या तज्ज्ञमंडळाने ही शस्त्रक्रिया करू नये अशी ठाम शिफारस केली.

ह्यावरून नीर ह्यांनी फसवणूक केली किंवा एलमन निष्काळजी होते असा अर्थ काढणे अन्यायाचे होईल. निखळणाऱ्या खांद्यात अपयश आपोआप प्रकट होते. दुखणाऱ्या खांद्यात ते होत नाही. वेदना कालांतराने आपणही कमी होते, विश्रांतीने होते, शस्त्रक्रियेनंतरच्या व्यायामाने होते, वैद्यावरील विश्वासानेही होते. आणि ह्या सर्वांचे श्रेय पडद्यावर दिसलेल्या कृतीच्या खात्यात जमा होते. अशा विकारात परिणामांची नोंद ठेवणे एवढेही पुरत नाही, काही न केलेल्यांशी तुलना लागते. कॉडमन ह्यांच्या पद्धतीत ही तुलना नव्हती, हेही सांगितले पाहिजे. अल्पछेदाने एक वेगळीच गोष्ट केली. छेद मोठा होता तोवर शस्त्रक्रियेची सबळ गरज आहे काय हा प्रश्न रुग्ण व वैद्य दोघांनाही टाळता येत नव्हता. छेद लहान झाल्यावर तो प्रश्नच लहान झाला. नीर ह्यांचे ५० खांदे आणि इंग्लंडमधील वर्षाकाठीचे २१,००० ह्यांमधील अंतर केवळ कौशल्याच्या प्रसाराने भरून निघालेले नाही.

फाटलेल्या कंडरेची शिवण हा तिसरा प्रकार ह्या दोहोंच्या मध्ये कोठेतरी पडतो. खुली आणि संधिदर्शक अशा दोन्ही रीतींची तुलना करणारी २७३ रुग्णांची ब्रिटिश परीक्षा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन वर्षांनंतर दोन्ही गटांतील रुग्ण आपापल्या पूर्वस्थितीपेक्षा बरेच सुधारले होते आणि त्यांच्यात एकमेकांत फरक नव्हता. प्रतिमाचित्रणात मात्र शिवलेली कंडरा पुन्हा फाटलेली आढळली : संधिदर्शक रीतीत ४६.४ टक्के, खुल्या रीतीत ३८.६ टक्के. शिवण टिकलेल्यांना सर्वांत अधिक गुण आला होता. परंतु शिवण उसवलेल्यांपैकीही पुष्कळांचा हात पूर्वीपेक्षा बरा चालत होता.